डेव्हिल्स लेकची फेरी: या चुका टाळा

शिकागोहून तीन तास गाडी हाकत आपली मंडळी विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला येतात, कड्यांकडे बघतात आणि म्हणतात, "एवढंच? आम्ही सिंहगड पळत चढायचो!" कडे तळ्यापासून ५०० फूट, म्हणजे सिंहगडापुढे किरकोळच. पण सिंहगड पळत चढलो तेव्हा वय बावीस होतं, हे कोणी सांगत नाही.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पूर्व कड्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या बॅलन्स्ड रॉकची, म्हणजे तोल सावरून उभ्या धोंड्याची, वाट उतरायला ठेवणं. वाट अर्ध्या मैलाचीही नाही, पण सगळ्या खड्या दगडी पायऱ्या, एक गुडघ्याएवढी तर दुसरी वीतभर. शिवाय दगड क्वार्टझाइटचा, म्हणजे वाळूच्या खडकापासून घडलेला टणक खडक, १६० कोटी वर्षांहून जुना. सह्याद्रीच्या खरबरीत कातळावर बूट धरतो. इथे पायांनी घासून गुळगुळीत झालेला दगड ओला झाला की साबणाची वडीच.

एका ऑक्टोबरात पुण्याहून आलेल्या मावसभावाला घेऊन गेलो. रात्री पाऊस पडून गेलेला, साहेबांच्या पायात नवे पांढरे स्नीकर. उत्तरेला गाडी लावायला जागा मिळाली म्हणून तिथूनच ईस्ट ब्लफ, म्हणजे पूर्वेचा कडा, चढलो. पार्किंगवरून दिशा ठरवली, ही चूक माझी. बॅलन्स्ड रॉकला पोचल्यावर तो दुसऱ्याच पायरीवर घसरला, आणि तिथून पुढे तळापर्यंत बसून, सरकत, तोंडाने रामनाम. तासभर लागला. मागे रांग. घरी आल्यावर म्हणतो, "छान आहे रे, पण पायऱ्या नीट बांधायला हव्या होत्या."

तेव्हापासून मी दक्षिणेकडून सुरुवात करतो. बॅलन्स्ड रॉक चढायचा, कड्यावरून उत्तरेला जायचं, ईस्ट ब्लफ वुड्सच्या झाडीतल्या सौम्य उताराने खाली यायचं आणि पश्चिम काठाच्या टम्बल्ड रॉक्स वाटेने परत. वेस्ट ब्लफची हौस असेल त्याने आधी स्वतःच्या गुडघ्यांना विचारावं.

शॉर्टकटवाल्यांचं मात्र काय करावं कळत नाही. वरून तळं दिसतं, मध्ये नुसते धोंडे दिसतात, की लगेच "इथूनच उतरू या". हिमयुगातल्या थंडीने कड्याचे तुकडे पाडून रचलेला ढीग आहे तो. फ्रिजएवढे दगड, मध्ये मांडी जाईल एवढ्या फटी, आणि कुठला डुगडुगतो ते पाय ठेवल्यावरच कळतं. दहा मिनिटं वाचवायला पायाचं हाड पणाला लावणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सोबतही नेत नाही. पूर्व काठाने रेल्वेचे रूळ जातात, त्यावरून परत येणारेही याच जातीचे. तिथे मालगाड्या धावतात आणि रुळांवरून चालणं बेकायदा आहे.

नकाशातले आकडे मैलांत असतात, १.७ वाचून किलोमीटर समजू नका. उन्हाळ्यातल्या शनिवारी आठच्या आत पोचा. नोव्हेंबरच्या मध्यात साडेचारला सूर्य मावळतो, विजेरी घ्या. वर पाण्याचा नळ नाही.

आणि डबा गाडीतच ठेवा. कड्यावर पुरी-भाजी उघडली की मंडळी तासभर हलत नाहीत, नंतर उतरताना सुस्तावतात. मी खिशात फक्त चिक्की ठेवतो, तीही मागितल्याशिवाय काढत नाही.