व्हेंडरला सेल्फ सर्टिफिकेट देण्याआधी काय बघायचं, माझा अनुभव

सप्लायर क्वालिटीत नवीन लागलेल्या पोरांना पहिल्याच वर्षी हे काम येतं. एखाद्या व्हेंडरचा माल चांगला येतोय, इनवर्डला (आलेला माल तपासायच्या जागी) गर्दी झालीय, मग साहेब म्हणतात याला सेल्फ सर्टिफिकेट देऊन डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) करून टाक, म्हणजे माल आपल्याकडे न तपासता सरळ असेंब्ली लाइनवर जाणार आणि तपासणी व्हेंडरनेच करून पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा कागद, पाठवायचा. मी असे बरेच व्हेंडर केलेत, पण सगळ्यात जास्त शिकलो ते पहिल्याच केसमध्ये, ती फसली म्हणून.

मी तेव्हा चाकणला होतो, पार्ट भोसरीहून यायचा. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, त्यात 6202 बेअरिंग बसायचं, म्हणजे बोअर (बेअरिंगचं भोक) 35 मिलीमीटर एच7, 35 च्या वर शून्य ते प्लस 25 मायक्रॉन चालतं (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने एकही रिजेक्शन नाही, म्हणून मी फाइलवर सही केली. मे महिन्यात लाइनवरून फोन, बेअरिंग अडकतायत. काही बसतात, काही प्रेसवर आवाज करतात. रिपोर्ट बघितला तर सगळी रीडिंग 35.008 ते 35.014, एकदम मस्त, आणि आमच्या स्टँडर्ड रूममध्ये 20 डिग्रीला तेच पीस 35 च्या खाली!

खोटं कोणीच लिहिलं नव्हतं हो. थंडीत ते लोक आदल्या दिवशीचा माल सकाळी मोजायचे, मे मध्ये शेड्यूल वाढलं म्हणून मशीनवरून काढला की लगेच गेज लावायला लागले, पीस 38-40 डिग्रीला आणि मास्टर रिंग (जिच्यावर गेज सेट करतात ती नेमक्या मापाची रिंग) मात्र एसी केबिनमध्ये ठेवलेली. ॲल्युमिनियम एका डिग्रीला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, 35 मिलीमीटरला 18 डिग्रीचा फरक धरा, 14 मायक्रॉनच्या वर गेलं. टॉलरन्सच 25 आहे, अर्ध्याहून जास्त नुसत्या उन्हाळ्यानं खाल्लं, आणि त्याच गरम रीडिंगवर ऑपरेटर मशीनला ऑफसेट देत होता (टूलची जागा सरकवत होता) म्हणजे आख्खा लॉटच खाली सरकलेला. (स्टील असतं तर साधारण निम्माच फरक पडला असता, स्टील 11.5 च्या आसपास वाढतं.)

तेव्हापासून मी रिजेक्शनचा आकडा शेवटी बघतो. आधी बघतो की त्याचं मोजणं आणि माझं मोजणं जुळतं का. दहा पीस घ्या, मार्करने नंबर टाका, त्यांनी त्यांच्या गेजवर मोजायचे, मग आपण आपल्याकडे मोजायचे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, बस. ठरावीक फरक एकाच बाजूला येत असेल तर मास्टर किंवा तापमान बघा, फरक कधी इकडे कधी तिकडे पळत असेल तर गेज किंवा हात बघा. मग गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि माणसामुळे मोजण्यातच किती फरक पडतो त्याची चाचणी, तीन माणसं, दहा पीस, तीन वेळा. 10 टक्क्यांच्या खाली आलं तर छान, 30 च्या वर गेलं तर तो विषय तिथेच थांबवा, व्हेंडर कितीही जुना असू दे. आणि 25 मायक्रॉनच्या बोअरला 10 मायक्रॉन लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक मोजता न येणारा) डायल घेऊन कोणी उभा असेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही, एअर गेज नाहीतर एक मायक्रॉनचा बोअर गेज पाहिजेच.

सीपीके (प्रोसेस टॉलरन्सच्या आत किती आरामात बसते तो आकडा) 1.67 मागा, पण शंभर टक्के सॉर्टिंग करून निवडलेल्या पीसचा नको, मशीनवरून ओळीने काढलेल्या पीसचा. रिपोर्ट पण नीट वाचायला शिका, पाचही पीसचं रीडिंग 35.012 असेल तर मला शंका येते, खरा डेटा थोडाफार हलतोच. आणि टूल, मशीन, मटेरियल किंवा माणूस बदलला, की सेल्फ सर्टिफिकेट थांबवून पुढचे तीन लॉट परत इनवर्डला तपासायचे, हे सुरुवातीलाच लेखी घ्या, नंतर मागितलं की वाद होतात. डीओएल झालं तरी महिन्यातून एकदा न सांगता लॉटमधून पीस उचलून मोजतो मी.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र माणूस. रिपोर्टवर सही करणाऱ्याला माल अडवायचा अधिकार आहे का, हे मी मालकासमोरच विचारतो. प्रोडक्शन मॅनेजरच सही करत असेल तर मी देत नाही, महिनाअखेरीला त्याच्यावर काय दबाव असतो ते मी बघितलंय.

त्या भोसरीच्या व्हेंडरला आम्ही दीड वर्षानं परत सर्टिफिकेट दिलं. मास्टर रिंग आता पीसशेजारीच त्याच ट्रेमध्ये असते, पीस आणि रिंग दोन्ही केबिनमध्ये चार तास ठेवून मगच मोजतात, आणि सही करणाऱ्या ताई आयटीआय झालेल्या आहेत, फार बारीक नजर. एकदा त्यांनी गाडी भरलेली असताना 400 पीस उतरवले, कारण दोन पीस 35.001 आले होते. ड्रॉइंगप्रमाणे ते ओकेच होते, पण रोजच्यापेक्षा खाली सरकलेले, बघितलं तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला होता. आमच्याकडे गाडी उशिरा पोचली, लाइनवाले माझ्यावर चिडले. पुढच्या ऑडिटला मी मालकांसमोर त्यांचं रजिस्टर उघडलं आणि सगळ्यात आधी तीच नोंद मोठ्यानं वाचली.