ट्रकचा गिअरबॉक्स बदलताना लिव्हरच्या बाबतीत या चुका टाळा

पाच गिअरच्या जुन्या बॉक्सच्या जागी सहा गिअरचा बॉक्स टाकायचं ठरलं, की सगळं लक्ष बेल हाउसिंग (क्लचवरचं, बॉक्स इंजिनाला जोडणारं आवरण), क्लच प्लेटचे दाते आणि प्रोपेलरची (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची) लांबी यांच्याकडे जातं. ते जावंच, कारण त्यात गडबड झाली तर बॉक्स बसणारच नाही. पण गाडी रस्त्यावर आली की तक्रारी सुरू होतात त्या लिव्हरच्या. तिसरा लागत नाही, पाचवा उडतो म्हणजे चालताना आपोआप सुटतो, रिव्हर्स शोधावा लागतो. मग दोष बॉक्सवर जातो आणि चांगला बॉक्स पुन्हा खाली उतरतो. असं झालेल्या बहुतेक गाड्यांत बॉक्स ठीक असतो, लिव्हरची जोडणी चुकलेली असते.

म्हणून जुना बॉक्स उतरवण्याआधीच लिव्हरचा विचार करा. नवा बॉक्स कुठल्या जातीचा आहे ते पाहा. काहींत लिव्हर थेट वरच्या कव्हरमधून निघतो. टाटाच्या एलपीटीसारख्या बॉनेट नसलेल्या, सपाट तोंडाच्या गाड्यांत ड्रायव्हर बॉक्सच्या बराच पुढे बसतो, त्यामुळे मधे रॉड किंवा दोन केबल लागतात: एक गाळा (लिव्हर पुढे-मागे जायची ओळ) निवडायला, दुसरी गिअर टाकायला. आणलेला वापरलेला बॉक्स बॉनेटवाल्या गाडीचा असेल तर तो सपाट तोंडाच्या गाडीत नुसता बोल्ट आवळून चालणार नाही. भंगार बाजारातून बॉक्स घेताना त्याच गाडीचा शिफ्टर, रॉड, ब्रॅकेट आणि बूट (लिव्हरभोवतीचं रबरी आवरण) सोबत मागा. नंतर एकेक तुकडा शोधताना वेळही जातो आणि पैसाही.

लिव्हर तापवून वाकवणं ही सर्रास होणारी चूक. दांडी डॅशबोर्डला लागते म्हणून गॅसवर लाल केली, वाकवली, कमी पडली तर वर नळी जोडली. इथे थोडा हिशोब करा. समजा बॉल जॉइंटच्या (दांडी ज्या गोळ्यावर डोलते त्याच्या) वर दांडी ४५० मिमी आहे आणि खाली ७५ मिमी, म्हणजे प्रमाण सहास एक. बॉक्समध्ये टोक १२ मिमी सरकायला हवं असेल तर मूठ ७२ मिमी हलेल. तीच दांडी वर ६०० मिमी केली की मूठ ९६ मिमी हलते. हा वाढलेला इंचभर प्रवास सीटला किंवा डॅशबोर्डला जाऊन भिडतो. उलट दांडी फार आखूड केली तर हाताला जोर जास्त लागतो आणि रात्रभर चालवणाऱ्याचा खांदा भरून येतो. वाकवायचीच असेल तर बॉलपासून लांब वाकवा, आणि आधी सगळे गिअर टाकून मूठ कुठे-कुठे पोचते त्याच्या खुणा करा.

वेल्डिंग करायचं तर दांडी काढून करा. जागेवरच केलं तर बॉलखालचा नायलॉनचा बुश वितळतो, आणि अर्थिंग चेसिसला लावलं असेल तर करंट बॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन बेअरिंगवर खड्डे पडतात. नुसतं टोकाला टोक लावून वेल्ड मारू नका. आत पिन किंवा बाहेर बाही घाला. घाट उतरताना गिअर बदलता-बदलता लिव्हर हातात आला तर इंजिनाचा ब्रेक गेला आणि सगळा भार चाकाच्या ब्रेकवर आला.

आता गिअर उडण्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त चुकीचं निदान इथेच होतं. गिअर पूर्ण लागला की बॉक्समधला स्प्रिंगचा बॉल शाफ्टच्या खाचेत बसतो. तो बसण्याआधीच लिव्हर फ्लोअरच्या भोकाच्या कडेला किंवा कडक बुटाला अडला, तर गिअर अर्धाच लागतो. रिकाम्या गाडीत तो टिकतो, पण लोड घेऊन कसाऱ्याच्या चढाला लागलं की उडतो. तपासणी सोपी आहे. बूट आणि फ्लोअरची पत्री काढा आणि तोच गिअर टाकून भरलेली गाडी थोडी चालवा. उडायचा थांबला तर भोक मोठं करा, बॉक्स उघडू नका.

रॉडच्या गाडीत आणखी एक कारण असतं. रॉडचं एक टोक केबिनला किंवा चेसिसला आणि दुसरं बॉक्सला धरलेलं असतं. इंजिनाखालचे फाउंडेशन रबर दबून खराब झालेले असतील तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन आणि बॉक्स एका बाजूला झुकतात, रॉड मात्र जागेवर राहतो आणि गिअर बाहेर ओढला जातो. तेव्हा बॉक्स बदलतानाच रबर बदला. बॉक्स खाली असताना ते काम हाताशी असतं.

केबिन टिल्ट होत असेल तर रॉडमध्ये आत-बाहेर सरकणारा तुकडा असतो किंवा सुटणारा जॉइंट असतो. रॉड कमी पडला म्हणून त्याच्या जागी सलग पाइप जोडणारे मी पाहिले आहेत. पहिल्यांदा केबिन उचलली की तो पाइप वाकतो, नाहीतर बॉक्सवरचा हात (रॉड जिथे जोडतो ती छोटी दांडी) तुटतो.

दिशा उलटी होणं हा सगळ्यांत धोकादायक प्रकार. मधे एखादा जास्तीचा पिव्होट (दांडी फिरायची खीळ) आला की मूठ पुढे ढकलल्यावर बॉक्सचा हात मागे जातो. मग पहिल्याच्या जागी रिव्हर्स, दुसऱ्याच्या जागी तिसरा. ‘सवय होईल’ असं ड्रायव्हरला सांगून गाडी देऊ नका. बदली ड्रायव्हर चढला, सिग्नलला पहिला समजून त्याने रिव्हर्स टाकला, तर मागे दुचाकी उभी असते. जो हात पिव्होटच्या वर जोडला आहे तो खाली जोडा, दिशा सुलट होते. गिअरचा क्रमही पाहा: कित्येक जुन्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्यासमोर रिव्हर्स आणि मग दोन-तीन, चार-पाच अशा जोड्या असतात, नव्या बॉक्सचा नकाशा वेगळा असू शकतो. जुनी मूठ तशीच लावू नका. रिव्हर्सला उचलायची कॉलर किंवा जड स्प्रिंग असेल तर ती चालू ठेवा.

वरचं कव्हर बदलताना मात्र घाई नको. सगळे फोर्क (आतले गिअर सरकवणारे चिमटे) न्यूट्रलला आणा, मगच कव्हर टेकवा. शाफ्टच्या मधल्या इंटरलॉकच्या छोट्या पिना पडल्या तर शोधून परत घाला. त्या नसतील तर एकाच वेळी दोन गिअर लागून बॉक्स जाम होतो. जुन्या बॉक्सचं कव्हर नव्यावर बोल्टला बोल्ट जुळलं तरी आतल्या खाचा जुळतीलच असं नाही.

ॲडजस्टमेंट नेहमी न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर सुटा असतानाच फ्लँज (बॉक्सची मागची, प्रोपेलर जोडायची चकती) हाताने फिरवून बॉक्स खरंच न्यूट्रल आहे याची खात्री करा. मूठ मधल्या गाळ्यात सरळ उभी धरा आणि रॉडची लांबी अशी ठेवा की जॉइंटची पिन बोटाने आत सरकेल. हातोडी घ्यावी लागली तर लांबी चुकली आहे. मग चेकनट आवळा, स्प्लिट पिन नवी घाला. केबल असेल तर तीव्र वळण देऊ नका, सायलेन्सर आणि टर्बोपासून दूर ठेवा, आणि ब्रॅकेट जाड पट्टीचं करा. एकाने गिअर टाकावा, दुसऱ्याने खालून ब्रॅकेटकडे पाहावं. ते वाकताना दिसलं तर केबल कितीही नवी असो, गिअर मऊच लागणार.

गिअर जड जात असेल तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना हलके आणि चालू असताना खरखर, तर दोष क्लचमध्ये: क्लच पूर्ण सुटत नाही किंवा क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे. बंद असतानाही जड, तर रॉड सोडवा आणि बॉक्सचा हात पान्याने हलवा. तिथे तो सहज हलला तर बुश, जॉइंट आणि रॉडच तपासायचे. तिथेही जड असेल तरच बॉक्स उघडण्याची वेळ आली. त्याआधी तेल मात्र पाहा: कंपनीने जीएल-४ सांगितलं असताना डिफरन्शियलचं जीएल-५ भरलं असेल तर सिंक्रो रिंगा (गिअर लागण्याआधी वेग जुळवणाऱ्या) नीट पकडत नाहीत.

नऊ गिअरचा, हवेवर रेंज बदलणारा बॉक्स असेल तर मुठीतला व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या त्याच बॉक्सच्या घ्या. रिव्हर्स लाइटचा आणि न्यूट्रलचा स्विच जोडायला विसरू नका. पहिली फेरी अर्ध्या लोडवर काढा आणि परत आल्यावर गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन सगळे चेकनट पुन्हा बघा.