उदयपूरला निघालात? या चुका टाळा

नाशिकहून उदयपूरला निघालेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की मी आधी विचारतो, "उतरणार कुठे?" "अगदी तलावाकाठी, गणगौर घाटाजवळ." "आणि गाडी?" "थेट हॉटेलच्या दारात." इथेच पहिली चूक होते.

महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये वसवलेलं हे शहर. जगदीश चौकाच्या आसपासच्या गल्ल्या आपल्या सराफ बाजारासारख्याच चिंचोळ्या, वर चढ-उतार. सणासुदीला आपण कुणी सराफ बाजारात गाडी घालतो का? मग तिथे कशाला?

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मेहुण्यांनी हेच केलं. मोबाइलने आठ मिनिटं दाखवली म्हणून सात सीटर गाडी घाटाकडे वळवली. मी नको म्हणत राहिलो. शंभर पावलांवर समोर टेम्पो, मागे रिक्षांची रांग. दोन्ही आरसे मिटून झाले. एका दुकानदाराने दोरीवरच्या बांधणीच्या ओढण्या उतरवल्या, दुसऱ्याने मोजड्यांचं टेबल आत ओढलं, तेव्हा कुठे गाडी हातभर पुढे सरकली. चढावर क्लच जळाल्याचा वास यायला लागला आणि मागच्या सीटवर सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. बाहेर पडायला सव्वा तास लागला. ज्या सूर्यास्तासाठी ही घाई, तो केव्हाच होऊन गेला होता.

मी गाडी जुन्या शहराबाहेर पार्किंगला लावतो. दोन दिवसांचे कपडे एका सॅकमध्ये, चौकापर्यंत रिक्षा, पुढे पायी. परत निघेपर्यंत चावी बाहेर काढायची नाही. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हॉटेलवाल्याला आधीच विचारावं, रिक्षा नेमकी कुठपर्यंत येते.

दुसरी चूक मे महिन्याची. मुलांना सुट्टी म्हणून सगळे तेव्हाच निघतात. घाटासमोरचा पिछोला नैसर्गिक सरोवर नाही. चौदाव्या शतकात बांध घालून केलेला तलाव आहे आणि पावसावरच भरतो. उन्हाळ्यात गंगापूर धरणाची काय अवस्था होते ते आपण बघतोच. पाऊस चांगला झाला असेल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर जा. तलाव भरलेला असतो, अरवलीचे डोंगर हिरवे असतात. राजस्थान म्हणजे वाळवंट, हे डोक्यातून काढून टाका. उदयपूरची उंची जवळपास आपल्या नाशिकएवढीच, सहाशे मीटरच्या घरात. डिसेंबरात स्वेटर लागतोच.

बोटीत सकाळी बसू नका. सिटी पॅलेस पूर्व काठावर आहे, तलावाकडची भिंत पश्चिमेला तोंड करून. दुपारी चारनंतर तिच्यावर ऊन येतं आणि अख्खी भिंत उजळते.

तलावाच्या मधोमध दिसणारा जगनिवास महाल आता हॉटेल आहे. बोट जवळून जाते म्हणून आत सोडतील असं समजू नका.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक: एका दिवसात नाथद्वारा, कुंभलगड आणि राणकपूर. कागदावर बसतं, म्हणून घाईची माणसं हटकून हाच बेत आखतात. नाथद्वाऱ्यात श्रीनाथजींचं दर्शन दिवसभर खुलं नसतं. दिवसात आठ वेळा, तेही थोडा वेळ. वेळ हुकली की दाराबाहेर थांबायचं. राणकपूरच्या जैन मंदिरात पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो, चामड्याचा पट्टा बाहेर काढून ठेवावा लागतो. कुंभलगडची तटबंदी छत्तीस किलोमीटरची. वरच्या महालापर्यंतचा चढ धापा टाकत चढून, फोटो काढून लगेच उतरणाऱ्यांना तिथे काय मिळतं, मला कळत नाही. मी सकाळी कुंभलगड, दुपारनंतर राणकपूर एवढंच करतो. नाथद्वारा दुसऱ्या दिवशी, एकलिंगजींच्या शिवमंदिरासोबत, आणि दोन्हीकडच्या दर्शनाच्या वेळा आदल्या रात्री विचारून.

उरलेली एक सकाळ कुठेच जाऊ नका. सहाला गणगौर घाटावर जाऊन बसा. तेव्हा पायऱ्यांवर फक्त कबुतरं असतात आणि अंघोळीला आलेली दोन-चार माणसं.