फेडर हा पेटीचा भाता : सॅम्पल केलेल्या स्ट्रिंग्जमध्ये चढउतार कसे आणावेत

पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. सूर उजव्या हाताने लागतो, पण तो फुलतो, दबतो आणि विरतो तो डाव्या हातामुळे. संगणकावर सॅम्पल केलेली, म्हणजे खऱ्या वादकांचे सूर ध्वनिमुद्रित करून बनवलेली, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो वाजवताना डाव्या हाताला नेमके हेच काम असते, आणि गिरगाव-दादरच्या ज्या घरांत अजून पेटी वाजते तिथे वाढलेल्या माणसाला ते चटकन उमगावे. तरीही बहुतेक नवे संगीतकार उजव्या हाताने सूर भरून घेतात आणि चढउतार मागाहून माऊसने रेखाटतात. पियानोची पट्टी एकदा दाबली की त्या सुराचा जोर ठरून जातो. व्हायोलिनचा सूर मात्र गज तारेवर आहे तोवर बदलत राहतो. म्हणून सूर आणि चढउतार एकाच वेळी, दोन हातांनी वाजवावेत, असे माझे ठाम मत आहे.

यासाठीची सोय मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यात संदेश नेणाऱ्या प्रणालीत, १९८३ पासून आहे. पट्टी दाबण्याच्या वेगाखेरीज सतत बदलत राहणारे कंट्रोलर त्यात असतात आणि त्यांतील प्रत्येकाची किंमत ० ते १२७ यांच्या दरम्यान फिरते. किबोर्डवरच्या मॉड्युलेशन व्हीलने सुरुवात करता येते, पण दोन कंट्रोलर एकत्र हलवायचे असल्यामुळे फेडरांचे, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या दांड्यांचे, छोटे यंत्र घेणे बरे. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात किंवा लॅमिंग्टन रोडवर ते घेताना फेडर बोटाने सरकवून पाहावा. ३० मिलिमीटर लांबीच्या फेडरवर एक पायरी पाव मिलिमीटरहूनही कमी अंतरात संपते, तर ६० मिलिमीटरच्या फेडरवर तिला जवळजवळ अर्धा मिलिमीटर मिळतो. हळुवार जागांमध्ये हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो.

पहिला फेडर सीसी १ ला, म्हणजे १ क्रमांकाच्या कंट्रोलरला, आणि दुसरा सीसी ११ ला जोडावा. तिसरा व्हायब्रॅटोसाठी, म्हणजे सुराच्या कंपनासाठी, राखावा. त्याचा क्रमांक लायब्ररीनुसार, म्हणजे सॅम्पलांच्या संचानुसार, बदलतो, म्हणून तो माहितीपुस्तिकेतून पाहून घ्यावा. पहिल्या दोहोंतील भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. वादकांनी हळू, मध्यम आणि जोरात वाजवलेले सूर वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि बहुतेक लायब्ररींमध्ये सीसी १ या थरांमधून फिरतो. त्यामुळे आवाजाबरोबर नादाचा पोतही बदलतो : खाली मऊ आणि झाकलेला, वर उजळ आणि गज तारेला घासल्याचा. सीसी ११ केवळ आवाजाची पातळी कमीजास्त करतो. भावना सीसी १ मधून येते. सीसी ११ तिला शेवटचा हात फिरवतो. सीसी ७ हा संपूर्ण ट्रॅकचा आवाज असल्याने तो मिश्रणासाठी सोडावा आणि वाजवताना त्याला हात लावू नये.

आता एक ओळ वाजवू. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवावी, म्हणजे एक मात्रा एक सेकंदाची होते. चेलोवर डी, एफ, ई, डी असे चार मात्रांचे चार सूर घ्यावेत. सीसी ११ शंभराच्या आसपास स्थिर ठेवून सीसी १ तीसवर असताना पहिला डी लावावा आणि चौथ्या मात्रेपर्यंत पन्नासला आणावा. एफ लागताक्षणी शिखर गाठू नये. सूर आधी बसू द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या मात्रेवर ऐंशीला पोचावे, कारण वादकही बहुधा सूर लागल्यावरच गजाचा दाब वाढवत नेतो. ई वर सावकाश साठापर्यंत यावे. शेवटच्या डी वर सीसी १ वीसपर्यंत उतरवावा आणि अखेरच्या दोन मात्रांत सीसी ११ शंभरावरून चाळीसवर न्यावा. सीसी १ शून्यावर नेला तरी अनेक लायब्ररींत सर्वांत हळू थर ऐकू येतच राहतो, म्हणून सुराला निःशब्दात विरवण्याचे काम सीसी ११ कडे द्यावे लागते. हे आकडे केवळ दिशा दाखवण्यापुरते आहेत. दहा वेळा वाजवल्यावर ते विसरावेत, पडद्याकडे पाहणे सोडावे आणि ओळ तोंडाने गुणगुणत हात हलवावा.

एका जागी विशेष सावध राहावे लागते. सीसी १ एका थरातून दुसऱ्यात जातो तेव्हा काही अंतरापर्यंत दोन्ही ध्वनिमुद्रणे एकत्र वाजतात. मोठ्या ताफ्यात हे लपते, पण एकट्या व्हायोलिनवर क्षणभर दोन व्हायोलिने वाजत असल्यासारखे ऐकू येते. एक लांब सूर धरून फेडर अगदी सावकाश वर न्यावा, म्हणजे आपल्या लायब्ररीत हे सांधे कुठे आहेत ते कळते. एकल वाद्य वाजवताना त्या पट्ट्यात रेंगाळू नये. तो ओलांडून पुढे जावे.

लेगाटोसाठी, म्हणजे न तुटता एकमेकांत मिसळणाऱ्या सुरांसाठी, सूर एकमेकांवर किंचित चढलेले असावेत. गज उलटल्याचा भास हवा असेल तिथे दोन सुरांमध्ये बारीकशी फट ठेवून सीसी १ थोडा खाली आणावा. अनेक लायब्ररींत लेगाटोच्या सुरावरील व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा वेग, जोर ठरवत नाही, तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेग ठरवते, आणि काहींमध्ये पट्टी अगदी हळू दाबल्यास घसीट मिळते. ती ओळीत एखाद्याच ठिकाणी घ्यावी. तुटक सुरांचा जोर मात्र बहुधा व्हेलॉसिटीवरच असतो.

लेगाटोचे सूर कानाला उशिरा येतात, कारण सुरांमधला प्रवासही ध्वनिमुद्रित असतो. म्हणून ते ग्रिडवर क्वांटाइझ न करता, म्हणजे मात्रांच्या रेघांवर आपोआप न बसवता, ट्रॅकला ऋण विलंब द्यावा, म्हणजे तो थोडा आधी वाजू द्यावा, आणि तालवाद्यासोबत ऐकत तो जुळवावा. ऑडिओ इंटरफेसचा (संगणकाचा आवाज बाहेर नेणाऱ्या यंत्राचा) बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून पुढे देणारा साठा, १२८ सॅम्पल ठेवल्यास सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या दराने त्यातून तीन मिलिसेकंदांहून कमी उशीर होतो. तो अडचणीचा नाही.

सुरुवातीच्या काळात मी पहिल्या व्हायोलिनची सीसी १ ची रेषा उचलून व्हायोला आणि चेलोवर तशीच चिकटवत असे. सगळी वाद्ये एकाच क्षणी फुगत आणि एकाच क्षणी बसत, आणि ऐकणाऱ्याला तो एक मोठा सिंथेसायझर वाटे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल समोर बसून पाहिल्यावर उलगडा झाला : एका विभागातील गज एकत्र हलत होते, पण विभागाविभागांत प्रत्येकाचा दाब आपापल्या ओळीनुसार बदलत होता. मोठ्या वाद्यवृंदात सोळा पहिली व्हायोलिने, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो आणि आठ डबल बास असा ताफा बसतो, आणि पाचही विभागांची शिखरे क्वचितच एका जागी येतात. तेव्हापासून मी प्रत्येक विभाग स्वतंत्र वाजवतो. आधी मुख्य ओळ, मग तिला ऐकत बास, मग चेलो, आणि शेवटी मधली दोन वाद्ये. व्हायोलाचे शिखर मुख्य ओळीच्या अर्धी मात्रा आधी घेतले, तर व्हायोलिन वर चढताना त्यांच्याखाली काही हलते आहे असे ऐकू येते.