शिक्षकांना कोचिंग देताय? मग या चुका टाळा

वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलेला माणूस तपासायला आलाय की मदतीला, हे शिक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: शाळाभेट (म्हणजे तपासणी) आणि कोचिंग (म्हणजे वर्गात बसून शिक्षकाला शिकवणं सुधारायला मदत) एकाच फेरीत उरकणं. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या केंद्रावर देखरेख करणारे अधिकारी, येतात, हजेरी बघतात, पोषण आहाराचं रजिस्टर बघतात, एक पाठ बघतात, लॉगबुकात शेरा लिहितात आणि निघतात. अशा वेळी कुठले गुरुजी मोकळेपणाने म्हणतील, की सर, मला भागाकार शिकवताना अडचण येते? त्या दिवशी ते हमखास जमणारा पाठच घेणार, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. कोचिंगचा दिवस वेगळा ठेवा. त्या दिवशी शेरा नाही, मार्क नाहीत, आणि तुम्ही काढलेली टिपणं शिक्षकाकडेच राहतील. दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात असतील (बहुतेक ठिकाणी असतातच) तर आज कुठल्या कामासाठी आलोय ते शाळेत पाऊल टाकतानाच सांगून टाका.

दुसरी चूक, एका पाठानंतर दहा सूचना. फळ्यावरचं अक्षर, आवाज, साहित्य, गटकार्य, मागची मुलं, गृहपाठ... शिक्षक मान डोलावतात आणि उद्यापासून त्यातलं एकही होत नाही. एकच निवडा, आणि तेही मुलांच्या वहीतून निवडा. समजा दुसरीच्या वर्गात ४२ वजा १७ चं उत्तर बऱ्याच मुलांनी ३५ लिहिलंय. मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतायत, ७ मधून २ आणि ४ मधून १, म्हणजे दशक सुटा करायचा असतो हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. बाईंनी फळ्यावर उदाहरण बरोबर सोडवलं होतं, पण काड्यांचा गठ्ठा कुणी सोडलाच नव्हता. मग या आठवड्याचं काम एवढंच, गठ्ठा मुलांच्या हातात द्यायचा, त्यांनीच सोडायचा, सुट्ट्या काड्या मोजायच्या आणि मगच वहीत लिहायचं. फळ्याचं अक्षर पुढच्या महिन्यात बघू.

आणि हे नुसतं सांगून सोडू नका. "समजलं ना मॅडम?" "हो सर." संपलं कोचिंग! त्याऐवजी तिथेच, मुलं मधल्या सुट्टीत बाहेर असताना, बाईंनी काड्या घेऊन ती दोन मिनिटं प्रत्यक्ष करून बघायची, तुम्ही ३५ लिहिणारं मूल व्हायचं आणि अडायचं. सुरुवातीला दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, पण वर्गात काय बोलायचं ते शब्द इथेच सापडतात.

"छान झाला पाठ, मुलांचा सहभाग वाढवा" हा अभिप्राय तर बंदच करा, त्यातून काय करायचं ते कळतच नाही. वर्गाचा बैठक नकाशा काढा, ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्यावर खूण करा. सगळ्या खुणा पुढच्या दोन रांगांत दिसल्या की तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात तेही मोजा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं तेव्हा शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते, आणि तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक व्हायला लागली.

आता पुन्हा न जाण्याची चूक. एका भेटीत काही बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेत मातृभाषेतल्या वाचनावर एक प्रयोग झाला, काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं, काही शाळांत कोच वर्गात जात राहिले, पाठांचं साहित्य दोघांना सारखंच. दोन वर्षांनी कोचिंगवाल्या शाळांतल्या मुलांना वाचनात झालेला फायदा प्रशिक्षणवाल्या शाळांच्या जवळपास दुप्पट दिसला. पण २०१८ मध्ये शिक्षकांच्या कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा हेही दिसलं की कार्यक्रम मोठा झाला की परिणाम उतरतो. माझ्या मते आपण इथेच घसरतो, एका माणसाकडे इतक्या शाळा देतो की दुसरी भेट पुढच्या सत्रातच होते. त्यापेक्षा चार शिक्षक घ्या आणि दर पंधरा दिवसांनी जा.

"आमच्याकडे हे चालत नाही, माझ्याकडे पहिली ते चौथी एकत्र आहे" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, ते खरंच सांगतायत. खडू घ्या आणि तुम्हीच तो वर्ग घ्या, शिक्षकांना मागे बसवा. तुमचा पाठ फसला तरी चालेल, उलट नंतरचं बोलणं जास्त खरं होतं.

तुम्ही असतानाच बदल दिसतो आणि गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न, असं होत असेल तर बहुतेक तो बदल तुम्ही निवडलेला असतो, शिक्षकांनी नाही. पुढच्या वेळी विचारा, "तुम्हाला कुठली मुलं सुटतायत असं वाटतं?" आणि तिथून सुरुवात करा.

प्रत्येक वेळी जाणं जमतच नसेल तर शिक्षकांना वर्गातला पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि फोनवर दोघं मिळून बोला. फक्त तो बघून झाला की डिलीट करा, केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, अगदी कौतुक म्हणूनसुद्धा नाही.