संशोधन केंद्राच्या कामाच्या वातावरणावर बाहेरून टीका करताना

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या कृषी संशोधन केंद्राबद्दल लिहायचं, तर ‘तिथलं वातावरण खराब आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘प्रकल्प-सहायकांचं मानधन तीन-तीन महिने रखडतं’ असं लिहा. पाहिलेलं, कागदावरचं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा.

ते संशोधन केंद्र सरकारी असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 वापरा: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत साधारण 30 दिवस. ‘का’ विचारू नका, नोंदी मागा: मंजूर व रिक्त पदं, मानधन जमा झाल्याच्या तारखा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते; तिच्या स्थापनेचा आदेशही मागा.

सगळ्यात जास्त चुकतं ते माहिती देणाऱ्याचं नाव लपवण्यात. पाच जणांच्या प्रयोगशाळेत ‘रावेरची एक विद्यार्थिनी’ म्हटलं की संपलं! गाव, पिकाचा विषय, तारीख काढून टाका. निदान तिघांकडून आलेलंच छापा, आणि मसुदा त्यांना आधी दाखवा.

मग प्रमुखांना पत्र, उत्तराला 15 दिवस. मागणी एकच, त्यांच्या अधिकारातली. मानधनाचा निधी बहुधा वरून उशिरा येतो. त्याचा राग स्थानिक प्रमुखावर काढून उपयोग नाही.