हिशेब सोडून ख्रिस्तात राहायचं कसं

आमच्या निपाणीत चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या बाईच्या पोराला ताप भरला की तिला डॉक्टरच्या आधी परवा चुकलेली उपवास-प्रार्थना आठवते. पोरगं बरं झालं की तीच बाई म्हणते, "शुक्रवार धरले होते की, प्रभूनं ऐकलं." दोन्ही वेळी हिशेब तोच: आपण किती केलं त्यावर देव देणार किंवा शिक्षा करणार. तुमच्या मनात तो चालतो का हे तपासायचं असेल, तर घरात काही वाईट घडल्यावर मनात सगळ्यात आधी काय येतं तेवढं बघा. स्वतःचं चुकलेलं काही आठवून देवाची भीती वाटली, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी इथं बुधवारी बायकांची प्रार्थना घेते. पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नव्हे, मराठी शाळेतून निवृत्त झालेली बाई. सगळ्या मला अक्का म्हणतात. त्यांच्याशी बसून जे बोलते तेच लिहिते आहे, त्यामुळे कुठं पाल्हाळ होईल, कुठं दोन वाक्यांत आटपेल.

हा हिशेब आमच्याकडे एवढा का मुरलाय याचं एक कारण मला ठाऊक आहे. माझी आई विड्या वळायची. निपाणीत तंबाखू आणि विडी सोडून बायकांना काम तरी काय होतं? ओल्या गोणपाटातली पानं काढायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू पानावर पसरायची, वळायची, नखानं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. पण माल घेऊन गेलं की तपासणारा कट्ट्यांतनं विड्या उपसून बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. कशाला टाकल्या, हे विचारायची सोय नव्हती. आई घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट वळायची. असल्या घरातनं आलेल्या बाईला देव म्हणजे तोच तपासणारा वाटला तर नवल नाही. प्रार्थना, उपवास, दशांश (कमाईचा दहावा भाग), साक्ष (देवानं काय केलं ते मंडळीपुढे सांगणं) सगळं घेऊन जायचं आणि आज छाट किती निघते म्हणून उभं राहायचं.

तेव्हा आधी बायबलच्या नव्या करारातलं गलतीकरांस पत्र काढा. प्रेषित पौलानं ते ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या माणसांना लिहिलं होतं, हे ध्यानात ठेवून वाचा. त्या मंडळ्यांत काही जण येऊन सांगत होते की ख्रिस्त ठीक आहे, पण देवाला पुरतं पटायचं तर सुंताही हवी, नियमशास्त्रही हवं. पौल एवढा भडकतो की तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्यांना बुद्धिहीन म्हणतो आणि विचारतो, आत्म्यानं आरंभ केलात, आता देहाच्या बळावर शेवटाला जाणार काय? आमचं दुखणं नेमकं हेच. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं झालं हे लहानपणीच पाठ होतं, इफिसकरांस दुसरा अध्याय, आठवं-नववं वचन, संडे स्कूलच्या बक्षिसासाठी. पण तारण झाल्यावरचा रोजचा दिवस मात्र आपल्या जोरावर. आत शिरायला कृपा आणि राहायला भाडं!

याच पत्रात दुसऱ्या अध्यायाचं विसावं वचन आहे: मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेलो आहे, आता मी जगतो असं नाही, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. बायका हे ऐकून मान डोलावतात आणि विसरतात, कारण त्यांना वाटतं ही पौलासारख्या मोठ्या माणसाची गोष्ट. तसं नाही. रोमकरांस सहाव्या अध्यायात तो बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांबद्दलच हे म्हणतो. त्याच्या मरणात तुमचं मरण झालं, त्याच्या उठण्यात तुमचं नवं जिणं सुरू झालं. देव तुमच्याकडे बघतो तेव्हा तुम्हाला ख्रिस्तातच बघतो. आणि तोच ख्रिस्त त्याच्या आत्म्यानं तुमच्यात राहतो. तुम्ही त्याच्यात, तो तुमच्यात. आज तुम्हाला तसं वाटतंय की नाही, यावर ते अवलंबून नाही. डोकं दुखतंय, झोप झाली नाही, भजनात मन लागलं नाही, तरी खरं ते खरंच.

आता करायचं काय?

सकाळी उठल्या उठल्या "प्रभू, आज माझ्याजवळ ये" अशी प्रार्थना करू नका. तो गेला कुठं होता? जे मिळालंय ते पुन्हा मागत बसलं की मिळालंच नाही असं मन धरून चालतं. त्याऐवजी आभार माना: तू माझ्यात आहेस, मी तुझ्यात आहे, आजचा दिवस तू माझ्यातून जग. झालं. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणा. पहाटे चारला उठून तासभर गुडघे टेकणाऱ्यांनी टेकावेत, मला आनंदच आहे. पण पाणी सुटायच्या वेळी घागरी घेऊन नळावर पळणाऱ्या बाईनं त्या तासासाठी स्वतःला दोष देत दिवस काढायचा नाही. एक वचन निवडा आणि आठवडाभर तेच राहू द्या. रोज नवं वचन हवं हासुद्धा हिशेबच.

खरी परीक्षा चुकल्यावर असते, म्हणून इथं जरा थांबते. एक सून मला म्हणाली, "अक्का, सकाळी प्रार्थना केली आणि तासाभरात सासूबाईंवर तोंड टाकलं. आता कुठल्या तोंडानं प्रार्थना करू ओ? दोन दिवस जाऊ देत, मग करते." मी म्हटलं, दोन दिवसांत काय होणार गं? राग थंड होईल, तुला जरा चांगलं वाटेल आणि मग तू त्या चांगलेपणाच्या जोरावर देवाकडे जाशील. म्हणजे परत आपलाच माल घेऊन! रोमकरांस आठव्या अध्यायाचं पहिलं वचन तिला वाचायला लावलं: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. दोन दिवसांनी ती संपेल असं नव्हे, आताच ती नाही.

तेव्हा चुकल्यावर असं करा. जे केलं त्याचं नाव घ्या, गुळमुळीत नको: मी सासूला टाकून बोलले, ते पाप होतं. याची किंमत ख्रिस्तानं भरली म्हणून आभार माना. मग उठा आणि त्या बाईकडे जा. हे शेवटचं टाळू नका. देवापुढे चार तास रडणं सोपं, सासूपुढे "चुकलं माझं, आई" एवढं म्हणणं अवघड, आणि आपण सोपं ते करून भक्ती केली म्हणतो. शिक्षा म्हणून जेवण सोडू नका. तुमच्या उपाशी पोटानं वधस्तंभात काही भर पडत नाही.

उपवासाचं निघालंच आहे तर सांगते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नवस फेडायला निघालेल्या शेजारणीबद्दल आपल्या बायका काय काय बोलतात ते मी ऐकलंय. आणि त्याच बायका पोराला नोकरी लागावी म्हणून एकवीस दिवसांची उपवास-साखळी धरतात, मधे एक दिवस तुटला तर पहिल्यापासून मोजतात. मग शेजारणीला नावं ठेवायची कशाला? उपवास वाईट नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू. म्हणजे कुणाला दाखवू नको. माझा सल्ला एवढाच: उपवास चुकला म्हणून भीती वाटत असेल, तर महिनाभर तो सोडून द्या. भीती गेली की मग धरा, बापाजवळ निवांत बसायला म्हणून धरा. दशांशाचंही तेच.

यावर मंडळीतले वडीलधारे हमखास विचारतात, "असं शिकवलं तर लोक मोकाट सुटतील की!" हा प्रश्न पौलालाही विचारला गेला असणार, कारण रोमकरांस सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो स्वतः तो मांडतो: कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? त्याचं उत्तर, कदापि नाही, जे पापाला मेले ते त्यात कसे जगतील? तीताला लिहिलेल्या पत्रात तर कृपाच आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते असं आहे. आणि माझं बघणं असं की मोकाट सुटतो तो भीतीनं बांधलेलाच, पाळक गावाला गेले की. ज्या बाईला आपण स्वीकारलेली आहोत हे पटलंय, ती जावेशी आधी बोलायला जाते, दुकानदारानं चुकून जास्त दिलेले पैसे परत करते, आणि त्याची साक्ष द्यायला उभीही राहत नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर मोडून खायच्या, रविवारी मागच्या बाकावर बसून राहणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. "मी योग्य नाही ओ, अक्का." करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अयोग्य प्रकारे खाण्याबद्दल लिहिलंय, तेवढं ऐकून त्या घाबरतात. पण तोच भाग थोडा मागून वाचा. तिथं काही जण आधीच जेवून घेत होते, पीत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल त्यावर रागावलाय. स्वतःला पारखावं असं तो म्हणतो, पण त्याच वचनात पुढं म्हणतो की मग खावं. तुम्ही योग्य नाही हे खरंच आहे, मीही नाही, भाकर मोडणारे पाळकही नाहीत. ज्याच्या मेजाशी बोलावलंय त्याच्या योग्यतेवर पुढं या. शेजारणीशी भांडण असेल तर तेवढं मिटवून या.

वाचायचं कुठून? गलतीकरांस पत्र सहाच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. मग रोमकरांस सहा ते आठ, मग योहान पंधरा. तिथं शिष्यांना द्राक्षवेलीचे फाटे म्हणून येशू 'माझ्यात राहा' म्हणतो, ते नीट बघा. आपल्या भागात आजी मराठी वाचते आणि नातवंडं कन्नड माध्यमातली, हे घरोघरी. मग एक अध्याय आजीनं मराठीत वाचावा, तोच नातीनं कन्नडमध्ये. वेळ दुप्पट लागतो, पण दोघींना कळतं. गलतीकरांसच्या चौथ्या अध्यायात अब्राहामाची बायको सारा आणि दासी हागार यांचा भाग येतो तिथं बहुतेक जणी अडकतात. पहिल्या खेपेला तो सोडून पाचव्यावर जा, बुधवारी आलात की बसून बघू.